झांस्करच्या घळईतून राफ्टिंग : ऑगस्टअखेरच्या प्रवासाची आखणी कशी करावी?

वाळवंटीकाठ, साखळी

नमस्कार मंडळी. आम्ही सातजण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लडाखमधील झांस्कर नदीतून, पदुम गावापासून निम्मूला सिंधूशी होणाऱ्या संगमापर्यंत, राफ्टने जाण्याचे ठरवीत आहोत. आमच्या घरामागून वाहणाऱ्या नदीचे नाव वाळवंटी असले, तरी खऱ्या वाळवंटातून, दोन्ही बाजूंना उभे कडे घेऊन वाहणारी नदी आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी येथील जाणत्यांना विचारावे असे वाटले.

गटात मी (वय ३९), माझी पत्नी, धाकटा भाऊ, त्याच्या कार्यालयातील एक सहकारी, पणजीचे एक मित्रदांपत्य आणि माझे काका आहेत. काका ६१ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात, पण आजही रोज पहाटे पोहायला जातात. पोहणे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून येते. आमच्यापैकी तिघांनी म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग केलेले आहे.

सध्याची आखणी अशी आहे : पहिल्या दिवशी मोपाहून दिल्ली, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने लेह, तिसऱ्या दिवशी गाडीने पदुम, चौथा, पाचवा आणि सहावा दिवस नदीवर, आणि सातव्या दिवशी परत. यंदा चवथ सप्टेंबरच्या मध्यावर येत असल्यामुळे त्याआधी सर्वांना सलग रजा मिळते, पण ती फार लांबवता येणार नाही. एवढे दिवस पुरतील का, त्या सुमारास पाणी कसे असते, आणि राफ्टिंग करवून देणाऱ्या संस्थेला आधी कोणते प्रश्न विचारावेत, हे कृपया सांगावे.

उस्त्याचा वाटाड्या, वाळपई

दादा, पाण्याचे आधी सांगतो, कारण तुमची आखणी बदलावी लागणार आहे ती पाण्यामुळे नव्हे, दिवसांमुळे : उंचीची सवय व्हायला ते अपुरे आहेत.

मी काही पावसाळे म्हादईवर राफ्टच्या पथकात काम केले आहे आणि झांस्कर दोनदा उतरलो आहे. त्सारप आणि दोडा या दोन नद्या पदुमजवळ एकत्र येतात आणि तेथून पुढच्या प्रवाहाला झांस्कर म्हणतात. सुरुवातीला खोरे रुंद आहे, दोन्ही काठांना जवाची शेते दिसतात, पाणी पसरट आणि बरेचसे शांत असते. पहिला दिवस तेथेच जातो आणि नवख्या माणसाला वाटते की हे तर सोपे आहे. त्यानंतर नदी घळईत शिरते. कडे जवळ येतात, पाणी एका अरुंद वाटेत कोंबले जाते आणि नेराक गावाच्या आसपास ते इतके चिंचोळे होते की वर आकाशाची केवळ एक पट्टी उरते. रॅपिड, म्हणजे पाणी दगडांवरून उसळत वेगाने धावते ते टप्पे, बहुतेक तिसऱ्या दर्जाचे आहेत, काही चौथ्या (दर्जा जितका वरचा तितके पाणी अवघड). चिलिंग गावानंतर निम्मूपर्यंतचा टप्पा लोक एका दिवसात स्वतंत्रपणेही करतात.

हा दर्जा कागदावर म्हादईपेक्षा एखाद-दुसरी पायरीच वर दिसतो, आणि गोव्याहून जाणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते. म्हादईवर राफ्ट उलटली तर माणूस कोमट पाण्यात पडतो, दोन्ही काठांना झाडी असते आणि थोडे पुढे गेले की रस्ता लागतो. झांस्करचे पाणी हिमनद्यांचे आहे. दोडा नदी तर द्रांग-द्रुंग हिमनदीतूनच निघते. त्या पाण्यात पडलेल्या माणसाला काठापर्यंत यायला किती वेळ लागेल, यावर सारे अवलंबून असते. कित्येक ठिकाणी काठ म्हणून जे आहे तो सरळ कडाच असतो, आणि त्याला हात घालायला जागा नसते.

जुलै आणि ऑगस्टचा पूर्वार्ध हा सर्वांत मोठ्या पाण्याचा काळ. ऑगस्टअखेर बर्फ वितळणे मंदावते, पाणी उतरू लागते, काही रॅपिड सौम्य होतात तर काहींत दगड वर आल्यामुळे वाट शोधावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तुम्ही निवडलेला आठवडा मला योग्य वाटतो. फक्त रात्रीचा गारठा जुलैपेक्षा अधिक असेल, हे धरून चला.

आणखी एक गोष्ट तेथे गेल्याशिवाय कळत नाही. पाऊस नसतानाही ही नदी दररोज चढते आणि उतरते. दिवसभर उन्हाने वर बर्फ वितळतो आणि ते पाणी काही तासांनी खाली पोहोचते, त्यामुळे दुपारी जेथे वाळू कोरडी होती तेथे रात्री पाणी आलेले असू शकते. पहिल्या खेपेस आमच्या गाइडने मुक्कामाला पोहोचताच चहाआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती आणि झोपण्यापूर्वी तो दोनदा विजेरी घेऊन ती पाहून आला. राफ्ट त्याने आमच्या तंबूंपेक्षाही वर ओढून मोठ्या दगडाला बांधल्या होत्या.

फोंड्याची लेक

मी सहसा येथे लिहीत नाही, पण "पोहणे आम्हा सगळ्यांना येते" हे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. मलाही येते. चार वर्षांपूर्वी त्याच नदीवर चिलिंग ते निम्मू या टप्प्यात मी राफ्टमधून पडले, तोवर माझाही त्या पोहण्यावर पूर्ण भरवसा होता.

आम्ही लेहला उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नदीवर गेलो होतो. एका लाटेवर राफ्ट डावीकडे कलली आणि मी मागच्या मागे पाण्यात गेले. पाणी लागताच छातीने आपोआप एक मोठा श्वास ओढला, तो मी घेतला नव्हता, तो घेतला गेला, आणि त्यातला निम्मा पाण्याचाच होता. हाक मारायची होती, आवाज फुटला नाही. लाइफ जॅकेट मला मोठे होते. निघताना मी तसे सांगितले होते, तेव्हा "पट्टा ओढून घ्या, चालेल" असे उत्तर मिळाले होते. पाण्यात ते जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आले आणि मला समोरचे दिसेनासे झाले.

थ्रो बॅगचा, म्हणजे पडलेल्या माणसाकडे फेकायच्या पिशवीतला, दोर माझ्या खांद्यावर येऊन पडला. तो पिवळा दोर छातीवरून सरकत जाताना मला अगदी स्पष्ट दिसत होता. मी बोटांना तो धरायला सांगत होते आणि बोटे मिटत नव्हती. शेवटी दुसऱ्या राफ्टवरच्या गाइडने जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून मला आत ओढले. नंतर सगळे म्हणाले की मी पाण्यात जेमतेम दोन मिनिटे होते.

काठावरचे काळे दगड उन्हाने इतके तापले होते की अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि मी त्याच दगडांवर पालथी पडून थरथरत होते. हेल्मेटचा हनुवटीखालचा बकल मला उघडता आला नाही, तो दुसऱ्या एका बाईंनी उघडला. संस्थेचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण मला आपल्याला सावध करायचे आहे, भांडण लावायचे नाही.

समुद्राकाठच्या माणसांना पाण्याची ओळख असते असे आपण मानतो. माझी ओळख कोमट पाण्याशी होती, एवढेच मला त्या दिवशी कळले. दादा, दिवस वाढवा, आणि जॅकेट अंगाला बसत नसेल तर राफ्टमध्ये पाय ठेवू नका.

वाळवंटीकाठ, साखळी

ताई, आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपला प्रतिसाद मी घरी सर्वांना वाचून दाखवला आणि त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. सहा-सात दिवसांची आखणी आता बाजूला ठेवली आहे. किती दिवस हवेत ते नव्याने ठरवू.

डिचोलीचा वैद्य

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे उंचीविषयी लिहितो. हा सर्वसाधारण सल्ला आहे. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावे.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. साखळीहून निघालेला माणूस जवळजवळ समुद्रसपाटीवरून दीड-दोन तासांच्या विमानप्रवासात थेट तेथे उतरतो आणि शरीराला सवय करून घ्यायला एकही मुक्काम मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणे आहेत, आणि बऱ्याच जणांना ती उतरल्यावर लगेच न जाणवता सहा ते बारा तासांनी जाणवतात. त्यामुळे "आम्हाला काहीच झाले नाही" असे म्हणत पहिल्याच दुपारी बाजारात हिंडणारी माणसे त्याच रात्री आजारी पडतात.

लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. पहिल्या दिवशी तर जिना चढण्याचेही काम काढू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. ॲसिटाझोलामाइड हे औषध सवय लवकर व्हायला मदत करते आणि ते साधारणपणे चढण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. विश्रांतीतही धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे यांपैकी काहीही दिसले, तर तो थकवा समजू नका. त्या माणसाला प्राणवायू द्यावा, ताबडतोब खाली न्यावे आणि रुग्णालय गाठावे.

ताईंना जे झाले त्यात थंडीइतकाच उंचीचाही वाटा असावा. थंड पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वासावर ताबा नसतो. त्यानंतर साधारण दहा मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात, आणि बोटांची पकड त्याच्याही आधी जाते. शरीर गारठून शुद्ध हरपण्याची वेळ त्याच्या बरीच नंतर येते. म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाने पहिल्या मिनिटात पोहण्याचा प्रयत्न न करता, पाय पुढे आणि वर ठेवून, पाठीवर तरंगत, केवळ श्वास सावरावा. नुकत्याच लेहला उतरलेल्या माणसाला तो श्वास आधीच अपुरा पडत असतो.

मडगावकर

दोन छोटे प्रश्न. निम्मू–पदुम रस्ता आता झाला आहे, मग घळईत कोठेही काही झाले तरी गाडीने बाहेर पडता येणार नाही का? आणि वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब राखणारा अंगाबरोबरचा रबरी पोशाख, येथून विकत घेऊन न्यावा की तेथे भाड्याने मिळतो?

उस्त्याचा वाटाड्या, वाळपई

निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडून पूर्ण केला, हे खरे आहे. पूर्वी पदुमला पोहोचण्यासाठी कारगिलहून सुमारे २४० किलोमीटर जावे लागे आणि वाटेत ४,४०० मीटर उंचीची पेन्सी ला खिंड ओलांडावी लागे. लेहहून तो दोन दिवसांचा प्रवास होता. आता निम्मूवरून घळईच्या रस्त्याने एका दिवसात पदुम गाठता येते.

पण नदीवरच्या माणसाला रस्त्याचा उपयोग किती, ते जागेवर अवलंबून आहे. काही ठिकाणी तो काठाला लागून आहे, तर काही ठिकाणी डोक्यावर कितीतरी उंच, मध्ये सुटे दगड आणि घसारा. खांदा निखळलेल्या माणसाला तेथून वर नेणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. शिवाय रस्ता खोदताना सुटलेले दगड नदीत पडलेले आहेत, त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनात वाचलेला रॅपिड आज तसाच असेल असे समजू नका. त्याच वर्षी ती नदी उतरलेला गाइड हवा, ही अट मी म्हणूनच घालतो. दरवर्षी हिवाळ्यात याच घळईतून गोठलेल्या पात्रावरून, म्हणजे चादरीवरून, चालत जाणारे झांस्करी लोक आहेत. त्यांच्यापैकी कोणी गाइड मिळाला तर त्याला कड्यांच्या अंगाची वाटही ठाऊक असते.

वेटसूटविषयी : संस्था तो देतात, पण मापाचा मिळेल याची खात्री नसते, आणि सैल वेटसूटमध्ये थंड पाणी खेळत राहिल्याने त्याचा उपयोग निम्मा होतो. आपापली मापे, उंची आणि वजन महिनाभर आधी लिहून पाठवा व जाडी विचारा. पाच मिलिमीटरचा असेल तर चांगले. त्यावर पाणी न शिरणारे जॅकेट हवेच. आत पाणी अजिबात न येऊ देणारा ड्रायसूट मिळत असेल तर वरचे पैसे देऊन घ्या. पायांत निओप्रीनचे बूट, आणि आत सुती काहीही नको, कारण भिजलेला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. आपल्या पावसाळ्यातला रेनकोट नेऊ नका, पाण्यात पडल्यावर तो पाण्याने भरतो आणि हातपाय अडकवतो.

ॲरिझोनातला पेडणेकर

मूळचा पेडण्याचा, गेली काही वर्षे ॲरिझोनात आहे. ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी मी एकदा, मित्रांच्या गटाबरोबर, सोळा दिवसांत उतरलो आहे. दोन्ही नद्या वाळवंटातल्या घळईतल्या आहेत, म्हणून तुलना कामी येईल असे वाटते.

तेथे लीज फेरी येथे राफ्ट पाण्यात घातली की डायमंड क्रीकपर्यंत २२६ मैल, म्हणजे सुमारे ३६४ किलोमीटर, नदीला येऊन मिळणारा गाडीचा रस्ता नाही. खासगी गटात जास्तीत जास्त सोळा माणसे. परवाना सोडतीने मिळतो, आणि एका माणसाला वर्षातून एकच फेरी करता येते. काठावर हवा ४० अंशांच्या वर तापलेली असते आणि पाणी मात्र बोचरे थंड, कारण १९६३ पासून ते ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयातून, पृष्ठभागाच्या बऱ्याच खालून सोडले जाते. ताईंनी लिहिलेले तापलेले दगड आणि गोठलेली बोटे वाचताना मला तेथील लाव्हा फॉल्स या रॅपिडचा काठ आठवला. काठीची खूणही आम्ही अगदी तशीच करायचो. तेथे पाणी चढते-उतरते ते धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे सोडल्यामुळे, झांस्करला ते सूर्य करतो, पण बेसावध गटाची राफ्ट दोन्हीकडे सारखीच वाहून जाते.

वाळवंटात पाऊस जवळजवळ नसतो म्हणून पुराची भीती नाही, हा समज मात्र सोडून द्या. जमीन उघडी आणि कडक असते, मुळे धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पाऊस पडला की तो दगडमातीसकट एकदम खाली येतो. ग्रँड कॅन्यनमधला क्रिस्टल रॅपिड डिसेंबर १९६६ पर्यंत साधा होता. बाजूच्या घळीतून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याने तो एका पुरात नदीतल्या सर्वांत अवघड रॅपिडांपैकी एक झाला. तुमच्याकडे ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री लेहमध्ये ढगफुटी होऊन पूर आला, ते सर्वांना ठाऊक आहे. खुद्द झांस्करमध्ये ३१ डिसेंबर २०१४ रोजी फुक्तालजवळ दरड कोसळून नदी अडली आणि साठलेले पाणी ७ मे २०१५ रोजी बांध फोडून बाहेर पडले, तेव्हा खालचे पूल वाहून गेले. म्हणून बाजूच्या कोरड्या व्हाळाच्या तोंडाशी असलेली सपाट, मऊ वाळूची जागा कितीही मोहक दिसली तरी तेथे तंबू ठोकू नका. ती वाळू पुरानेच आणून पसरलेली असते. डोक्यावर आकाश निळे असले तरी वरच्या अंगाला ढग आहेत का ते पाहा, आणि पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला तर सामान सोडून आधी माणसे उंचावर न्या.

स्वच्छतेविषयी एक विनंती. आम्ही त्या सोळा दिवसांत सर्वांची विष्ठा झाकणबंद पेट्यांतून शेवटपर्यंत बरोबर वाहून आणली, तो तेथील नियमच आहे. भांडी धुतलेले पाणीही गाळून, खरकटे वेगळे काढून घ्यावे लागते. कोरड्या हवेत काहीही कुजत नाही. गोव्यात एका पावसाळ्यात मातीत मिसळून जाते ते तेथे वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. झांस्करला तुमची संस्था काय करते ते विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर आग्रह धरा.

जाता जाता एक पाहण्याजोगी गोष्ट. ग्रँड कॅन्यनचे थर एकावर एक आडवे रचलेले आहेत. झांस्करच्या कड्यांत तसेच समुद्रतळाचे थर मुडपलेले, कित्येक ठिकाणी उभे झालेले दिसतात, कारण भारताचा भूखंड आशियाला जाऊन भिडला तेव्हा मधल्या टेथिस समुद्राचा गाळ चेपला जाऊन वर उचलला गेला. जांभ्या दगडात वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ते जांभळे, हिरवट, गेरूच्या रंगाचे पट्टे फार वेगळे वाटतील. शांत पाण्याच्या टप्प्यात गाइडला राफ्ट जरा थांबवायला सांगून ते पाहा.

वाळवंटीकाठ, साखळी

सर्वांचे प्रतिसाद छापून ठेवले आहेत. डॉक्टर, काकांविषयी स्पष्ट विचारतो. त्यांनी यावे की नाही? ते स्वतः हा धागा वाचत आहेत आणि त्यांनीच मला हा प्रश्न येथे विचारायला सांगितले आहे.

डिचोलीचा वैद्य

काकांना माझा नमस्कार. वय किंवा रक्तदाब यांमुळे लेहला जाता येत नाही असे नाही. रक्तदाब ताब्यात असेल आणि हृदयाची तपासणी समाधानकारक असेल, तर पुरेसे दिवस हाती ठेवून अनेकजण जातात. पण अतिथंड पाण्यात अचानक पडल्यावर रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि नाडी एकदम उसळतात, आणि उंचीमुळे हृदयावर आधीच ताण असतो. हे दोन्ही एकत्र येण्याची शक्यता असलेल्या जागी, जेथून रुग्णालय काही तासांच्या अंतरावर आहे, तेथे मी माझ्या स्वतःच्या वडिलांना नेले नसते. लेह, निम्मूचा संगम, आल्चीचा मठ हे सर्व त्यांनी अवश्य पाहावे.

बाकीच्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे घाम अंगावरून निथळतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. तेथील कोरड्या हवेत तो येता येताच वाळतो, अंग कोरडेच राहते आणि तहान उशिरा लागते. ठरवून, थोडे थोडे, दिवसभर पाणी प्यावे. साधे पाणी जात नसेल तर घरचे आगळ बाटलीत घेऊन जा. मीठ-साखर घालून, पाण्यात पातळ करून प्यायले की बरे वाटते आणि पोटालाही सोसते. ओठांना व नाकाला लावायला मलम, कडेने बंद असलेला गॉगल आणि मानेवर येणारे कापड विसरू नका. राफ्टमध्ये ऊन वरून येते तसे पाण्यावरून परतूनही येते.

फोंड्याची लेक

संस्थेला काय विचारावे, हे मूळ प्रश्नात होते, त्यावर मी अनुभवाने शिकलेले लिहिते. सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्यांना वाचवायला बरोबर चालणाऱ्या एकट्या माणसाच्या छोट्या होड्या, किती असतील आणि ते चालवणारे वेगळे प्रशिक्षित लोक असतील की स्वयंपाक्यालाच बसवतील? कमीत कमी दोन राफ्ट एकत्र जातील ना? एकटी राफ्ट असेल तर मी जाणार नाही. मला ज्याने ओढून घेतले तो दुसऱ्या राफ्टवरचा होता. गाइडने वाहत्या पाण्यातील बचावाचे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि ते केव्हा? उपग्रह फोन किंवा तत्सम साधन बरोबर असेल का, कारण घळईत मोबाइलवर विसंबता येत नाही. प्राणवायूचे नळकांडे कोठे असेल, राफ्टवर की रस्त्यावरच्या गाडीत? पाणी जास्त वाटले तर प्रवास रद्द करण्याचा निर्णय कोण घेतो आणि पैशांचे काय होते, हेही लेखी घ्या. पैसे बुडण्याच्या भीतीने माणसे नको त्या दिवशी पाण्यात उतरतात.

विम्याचे कागदही नीट वाचा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात.

आणि एक गोष्ट माझ्या समाधानासाठी करा. पहिल्या दिवशी, पदुमच्या शांत पाण्यात, सगळ्यांनी वेटसूट आणि जॅकेट घालून गाइडच्या देखरेखीखाली एकदा मुद्दाम पाण्यात उतरा, तो पहिला श्वास कसा ओढला जातो ते अनुभवा, आणि दोर पकडून पाहा. मला हे कोणी करायला लावले असते तर त्या दिवशी मी निदान घाबरले नसते.

वाळवंटीकाठ, साखळी

मंडळी, आज सगळे एकत्र बसलो आणि आखणी पक्की केली.

एकूण तेरा दिवस. पहिला दिवस दिल्लीपर्यंत, दुसऱ्या दिवशी सकाळी लेह. दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण विश्रांती. चौथ्या दिवशी, सगळ्यांची प्रकृती ठीक असेल तरच, सिंधू नदीवर फे ते निम्मू हा सौम्य टप्पा, म्हणजे थंड पाण्याची आणि साहित्याची तोंडओळख होईल. पाचव्या दिवशी गाडीने पदुम, सहावा दिवस तेथे मुक्काम, मापांची तपासणी आणि ताईंनी सांगितलेला पाण्यात उतरण्याचा सराव. सातव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत नदी. तीन दिवसांत संपवणारे आहेत, आम्ही चार मागितले आहेत. अकरावा दिवस राखीव. बारावा लेहमध्ये, कारण हवामान बिघडले की तेथील विमाने रद्द होतात, आणि तेराव्या दिवशी घरी. रजेसाठी भावाला कार्यालयात दोनदा बोलावे लागले, पण मिळाली.

दोन संस्थांकडे ताईंची प्रश्नावली पाठवली होती. एकीने दूरध्वनीवर "काळजी करू नका, सगळे असते" एवढेच सांगितले. दुसरीने प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दिले, दोन राफ्ट व दोन कयाक असतील असे कळवले, आणि आमचे वजन व छातीचे माप स्वतःहून मागितले. त्यांचा दर जास्त आहे, तरी त्यांच्याकडेच जात आहोत. शौचपेटीविषयी त्यांचे उत्तर मोघम होते, त्यावर पुन्हा लिहिले आहे.

काकांनी डॉक्टरांचे उत्तर वाचून काही वेळाने स्वतःच सांगितले की ते नदीवर येणार नाहीत. लेहपर्यंत ते बरोबर असतील, आणि दहाव्या दिवशी निम्मूला, जेथे झांस्कर सिंधूला मिळते, तेथे काठावर आमची वाट पाहत थांबतील. कोरडे कपडे आणि गरम चहाचा थर्मास आणण्याची जबाबदारी त्यांनी मागून घेतली आहे.

वाटाड्यादादा, म्हादईला पुरेसे पाणी आले की पहिल्याच रविवारी आम्ही सहाजण उस्त्याला येतो. पडलेल्या माणसाला जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून राफ्टमध्ये कसे ओढायचे, ते प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा करून घ्यावे, ही विनंती. माझ्या पत्नीने मला ओढून घेता आले पाहिजे, आणि माझे वजन ८४ किलो आहे.